चाकाच्या तुंब्यांतील दिवा

पारोळा हें खानदेशांतील जुन्या बाजारपेठेचें गांव. परंतु आगगाडीनें त्याची ओळख कधीं करून घेतली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत मुंबईहून निघालेला मोठा लोहमार्ग चाळीसगांव, जळगांव, भुसावळ असा दक्षिणेच्या व पूर्वेच्या अंगानें गेला. १९०० च्या सुमारास सुरतेहून आलेला तापी खोऱ्याचा मार्ग उत्तरेस अमळनेरवरून गेला. आणि चाळीसगांवाहून निघालेला फांटा पश्चिमेस धुळ्यापाशीं थांबला. चोहों बाजूंनीं वेढा पडला, पण आंत कोणी शिरला नाहीं. जवळचें स्थानक अमळनेरचें, तें सुमारें २० किलोमीटर. धुळें सुमारें ३५. रात्रींच्या गाडीनें येणाऱ्याजाणाऱ्यास हा पल्ला अंधारांतूनच काढणें भाग होतें.

इतिहासाचे अभ्यासक पारोळ्यास जातात ते तेथील भुईकोट किल्ला पाहावयास. हरि सदाशिव दामोदर यांनीं १७२७ सालीं तो बांधला, लहानशा खेड्याचें तटबंदीचें गांव केलें, आणि १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें जहागीर जप्त करून किल्ला खिळखिळा केला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. झांशीच्या नेवाळकर घराण्याशीं या गांवाचा जो संबंध आहे, त्याविषयींहि पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही आज वाचकांस किल्ल्याच्या आंत नेत नाहीं. वेशीबाहेरून अमळनेरकडे व धुळ्याकडे जो रस्ता जातो, त्यावरून रात्रीं सायकलीवर जाणाऱ्या माणसाच्या पुढें उजेड कोठून आला आणि तो त्याला किती महाग पडला, एवढाच प्रश्न आम्हांस येथें पाहावयाचा आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु राजवाड्यांतील झुंबरांचा इतिहास लिहिला जातो आणि वाटसरूच्या दिव्याचा लिहिला जात नाहीं, याला दिव्याचा क्षुल्लकपणा हें कारण नव्हे.

आज आपण जिला सायकल म्हणतों ती दोन सारख्या चाकांची पायगाडी १८८५ च्या सुमारास इंग्लंडांत स्थिरावली आणि १८८८ सालीं डनलपनें तिला हवेची धाव दिली. महाराष्ट्रांत ती रुजविणाऱ्यांत पहिलें नांव घ्यावें तें लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. नांगर आणि इंजिनें यांच्यापूर्वीं, १८८८ सालीं, बेळगांवांत त्यांनीं व त्यांच्या बंधूंनीं सायकलचें दुकान काढलें. सायकली विकणें, दुरुस्त करणें आणि फी घेऊन लोकांस बसावयास शिकविणें असा तो व्यवसाय होता. त्या वेळीं सायकल ही सरकारी अधिकाऱ्याची व हौशी श्रीमंताची वस्तु होती. पुढें ती शिक्षक, टपालवाला, दूधवाला, गिरणीकामगार यांच्याकडे उतरली, आणि जसजशी ती खालच्या थरांत उतरली तसतशी तिची रात्र लांबत गेली. हौशी माणूस संध्याकाळीं घरीं परततो. अमळनेरच्या प्रताप गिरणीची रात्रपाळी करणाऱ्यास ती मोकळीक नसते.

दिव्याविषयीं कायदा मात्र सर्वांस एकच. सूर्यास्तानंतर वाहनास दिवा हवा, हा दंडक नगरपालिकांच्या व पोलिसांच्या नियमांतून फार पूर्वींपासून चालत आला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानेंहि रस्त्यावरील वाहनांस किती दिवे असावेत, ते कोठें असावेत व कोणत्या वेळीं लावावेत हें ठरविण्याचा अधिकार पोलीस आयुक्तास व जिल्हादंडाधिकाऱ्यास दिला. दंडक वाजवी होता, यांत शंका नाहीं. पण मोटारीला दिवा कारखान्यांतूनच लागून येतो. सायकलीला तो वेगळा विकत घ्यावा लागतो. आपल्याकडे सायकल विकली जाई ती दिव्यावांचून, आणि घंटेप्रमाणें दिवाहि वरचा खर्च समजला जाई. यांतून जो देखावा महाराष्ट्रांतील प्रत्येक शहरानें व कसब्यानें पाहिला तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. पुढच्या चौकांत शिपाई दिसला कीं स्वार खालीं उतरतो आणि सायकल हातीं धरून पायीं चालूं लागतो, कारण पायीं चालणाऱ्यास दिव्याची सक्ति नाहीं. चौक मागें पडला कीं पुन्हां स्वारी सुरू. कायद्यानें प्रकाश मागितला होता. त्याला मिळालें तें चौकापुरतें पायीं चालणें.

सायकलीच्या दिव्याचा पहिला अवतार तेलाचा. उंच चाकाच्या जुन्या सायकलीवर हा दिवा पुढच्या चाकाच्या आंत, आऱ्यांच्या मधोमध, आंसावर टांगीत. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस यांचा कारखाना अशाच दिव्यामुळें नांवारूपास आला. दिवा थेट तुंब्यापाशीं बसविण्याची कल्पना म्हणजे विजेपेक्षां जुनी आहे. बैलगाडीच्या चाकांत ज्यांत आरे बसवितात तो मधला लांकडी गोळा म्हणजे तुंबा. सायकलवाले त्यालाच हब म्हणतात, आणि पुढें आमच्या कथेचा नायक तोच होणार आहे. चाकें लहान झालीं तेव्हां दिवा वर, हातदांड्यापुढें आला. रॉकेलची ही बत्ती खड्ड्याच्या हादऱ्यानें विझे, वाऱ्यानें काजळे, आणि तिचा उजेड एवढाच कीं समोरच्यास सायकल दिसावी. स्वारास रस्ता दिसावा हा तिचा आवांका नव्हता.

दुसरा अवतार कार्बाइडचा. १८९२ सालीं अमेरिकेंत विल्सन नांवाच्या गृहस्थास दुसरेंच कांहीं करीत असतां कॅल्शियम कार्बाइड स्वस्तांत बनविण्याची रीत सांपडली. या खड्यांवर पाणी थेंबथेंब पडलें कीं ॲसिटिलीन वायु सुटतो आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीनें जळतो. दोन कप्प्यांचा हा दिवा, वर पाणी व खालीं खडे, उजेडाच्या बाबतींत आधींच्या सर्व दिव्यांना मागें टाकणारा होता. परंतु त्याची सेवा मोठी. खडे कोरडे ठेवावे, राख रोज काढावी, तोटी टोंचून साफ करावी, आणि लसणासारखा त्याचा दर्प सोसावा. शिवाय खडे शहरांतून आणावयाचे. तिसरा अवतार कोरड्या घटांच्या विजेरीचा. ती स्वच्छ खरी, पण घट संपले कीं पैसे संपले. आठवड्याच्या बाजारांत जो गृहस्थ मीठमिरचीचा हिशेब करतो त्याच्या हिशेबांत दर पंधरवड्याचे घट बसत नाहींत. तेल, खडे आणि घट या तिहींत एक गोष्ट समान आहे. उजेड जितका लागेल तितका तो दुकानदाराकडून मोजून घ्यावा लागतो.

चौथ्या दिव्यानें ही दुकानदारी मोडली. फॅरेडेनें १८३१ सालीं दाखवून दिलें कीं, लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांपैकीं एक स्थिर ठेवून दुसरें त्याच्यापुढें फिरविलें असतां तारेंत वीज वाहूं लागते. मग जो माणूस पायांनीं चाक फिरवीतच आहे, त्यानें आपला उजेड आपणच कां करूं नये? विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत ही गोष्ट बाजारांत आली ती बाटलीच्या आकाराची. आपण तिला डायनामो म्हणतों. शास्त्राच्या काटेकोर भाषेंत ती डायनामो नव्हे, कारण तिच्यांत कायमचा लोहचुंबक असतो व तिची वीज क्षणोक्षणीं दिशा पालटणारी असते. पण नांव पडलें तें पडलें. बाटलीच्या डोक्यावर खांचा पाडलेली लहानशी फिरकी असते; ती टायरच्या अंगास टेकविली कीं चाकाबरोबर फिरते. चाक एकदां फिरेपर्यंत ही फिरकी तीस-पस्तीस वेळां फिरून घेते, म्हणून आंतील चुंबक लहान असला तरी पुरतो.

या यंत्राचा एक गुण फारसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, तो येथें सांगण्यासारखा आहे. वेग वाढला कीं विजेचा दाब वाढतो. पण त्याबरोबरच प्रवाहाची दिशा अधिक वेळां पालटूं लागते, आणि अशा पालटास वेटोळ्याचा जो विरोध असतो तोहि त्याच प्रमाणांत वाढतो. त्यामुळें प्रवाह सुमारें अर्ध्या अँपिअरपलीकडे फारसा जात नाहीं, आणि उतारावरून सायकल सुसाट निघाली तरी दिवा सहसा जळून जात नाहीं. निराळी कळ नाहीं, रखवालदार नाहीं. आपला लगाम यंत्रानें आपणच धरलेला. मात्र पुढचा व मागचा असे दोन दिवे जोडलेले असून त्यांतला एक गेला, तर सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोहि जातो, हा अनुभव पुष्कळांस असेल.

बाटलीचे दोषहि उघड आहेत. ती टायरवर घांसते, म्हणून टायर झिजतो आणि पायांवर भार येतो. तिचा घरघराट स्वाराच्या सोबतीला असतोच. खानदेशांत आणखी एक संकट आहे. येथली काळी माती पावसाळ्यांत टायरला लोण्यासारखी चिकटते. फिरकी त्या राडींत घसरते आणि दिवा मिणमिणतो, तोहि नेमका जेव्हां रस्त्यांतील पाण्याखालचा खड्डा दिसावयास हवा असतो तेव्हां. शिवाय थांबलें कीं अंधार.

यावरचें उत्तर इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें निघालें. रॅले सायकलींच्या घराण्यांतील स्टर्मी-आर्चर कंपनीनें १९३६ सालीं डायनोहब नांवाचा तुंबा बाजारांत आणला. त्यांत तारेचें वेटोळें आंसावर स्थिर असतें आणि २० ध्रुवांचें चुंबकाचें कडें त्याच्याभोंवतीं चाकाबरोबर फिरतें. दांते नाहींत, घर्षण नाहीं, आवाज नाहीं, चिखलाशीं संबंध नाहीं. मोठ्या चाकाची सायकल ताशीं १५ किलोमीटर वेगानें चालली तर चाक सेकंदास सुमारें दोनच फेरे करतें. एवढ्या संथ गतींतून वीज काढावयाची म्हणून ध्रुव पुष्कळ व कडें मोठें करावें लागलें, आणि तुंबा एखाद्या चपट्या डब्यासारखा फुगला. प्रथम तो १२ व्होल्टांचा होता. मग ८ चा झाला. महायुद्धानंतर ६ व्होल्टांचा जो आला तोच पुढें टिकला. त्याची वीज दोन वॉटांहूनहि थोडी कमी, बाटलीच्या तीन वॉटांपुढें उणीच. पण पावसांत घसरत नाहीं आणि पायांना जवळजवळ जाणवत नाहीं, हे त्याचे गुण. ज्यानें तो वापरला त्याला दिवा लावला आहे कीं नाहीं हें पायांवरून कळत नसे.

याच १९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांत, तापीपलीकडे फैजपुरास, काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. मुंबईहून एक ज्योत धावपटूंनीं हातोहात फैजपुरास आणली होती. तेथें खादी व ग्रामोद्योग यांचें प्रदर्शनहि होतें. यंत्राविषयींचा वाद त्या काळीं ऐन रंगांत होता, आणि गांधीजींनीं १९२४ सालींच शिवणाच्या यंत्रास आपल्या आक्षेपांतून वगळलें होतें. माणसाचे श्रम हलके करणारें व त्याला दुसऱ्याचा गुलाम न करणारें यंत्र त्यांना चालत असे. वर्ध्यास मगनवाडींत कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघानें रॉकेलऐवजीं वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप तयार केला, त्याच्या मागें हाच विचार होता. खेड्याचा उजेड खेड्याच्या घाण्यांतून यावा. या कसोटीला तुंब्यांतील दिवा आमच्या मतें मगनदीपापेक्षांहि अधिक उतरतो, कारण त्याला घाण्याचीहि गरज नाहीं. परंतु त्याच्या अंगावर नॉटिंगहॅमचा शिक्का होता, आणि तो बनविणें हें सुताराचें किंवा लोहाराचें काम नव्हतें. स्वदेशीच्या पंक्तींत त्याला पान मिळणें कठीण होतें.

मग परदेशीपणामुळेंच तो आपल्या रस्त्यांवर रूढ झाला नाहीं काय? तसें म्हणतां येत नाहीं. बाटलीहि प्रथम परदेशीच होती, आणि ती मात्र गांवोगांव पोंचली. पुढें सायकलीचे कारखानेहि आपल्याकडे निघाले: मुंबईस वरळीला हिंद सायकल, मद्रासेजवळ अंबत्तूर येथें टी. आय., आणि बंगालमध्यें आसनसोल येथें सेन-रॅले. यांतील शेवटचा तर डायनोहबच्याच घराण्याशीं सोयरीक असलेला. तरीहि आपल्याकडे प्रतिष्ठा पावली ती साधी, काळी, एका गतीची, सळईच्या ब्रेकांची सायकल. आणि तिच्या पुढच्या काट्याला बाटली.

आमच्या समजुतीप्रमाणें याचें मुख्य कारण गरीब माणसाच्या खरेदीच्या रीतींत आहे. तो सायकल एकदम घेत नाहीं, हप्त्याहप्त्यानें घेतो. म्हणजे दुकानदाराचा हप्ता नव्हे, वस्तूचाच. आज सांगाडा व चाकें, सुगीनंतर कॅरियर, दिवाळीला दिवा. बाटली ही दिवाळीला घेतां येते. दोन पेंच आवळले कीं बसली. सायकल विकली तर काढून ठेवली, नव्या सायकलीला लावली. तुंबा असा मागाहून घेतां येत नाहीं. त्यासाठीं सगळे आरे उपसून चाक नव्यानें विणावें लागतें, आणि जुना तुंबा, ज्याचे पैसे आधींच दिलेले असतात, तो फुकट जातो. भाड्यानें सायकली देणाऱ्या दुकानांचाहि हाच हिशेब. तासाच्या भाड्यावर चालणारी सायकल दहा हातांतून जाते. तिच्यावर काढून घेतां न येणारी महाग वस्तु कोण बसवील?

दुसरें कारण मिस्त्रीच्या हातांतलें आहे, आणि तें आम्हांस अधिक मनोरंजक वाटतें. जुन्या पोलादी मिश्रधातूच्या चुंबकाचा एक दुर्गुण असा कीं, त्याच्या मधलें लोखंडी वेटोळें नुसतें ओढून काढलें तर त्याची शक्ति तेथल्या तेथें घटते. कंपनी बजावून सांगे कीं, तुंबा उघडतांना वेटोळ्याच्या जागीं लोखंडाचें रक्षक कडें सरकवीत न्यावें. आतां आपल्याकडील सायकल मिस्त्री म्हणजे काय चीज आहे हें वाचकांस ठाऊक आहे. झाडाखालीं एक पेटी, पाण्याची परात, पंप, आणि कोणतीहि वस्तु उघडून पाहण्याची तयारी. या तयारीवरच आपली सायकल सत्तर-ऐंशी वर्षें चालली. असा माणूस हबला वंगण घालावयास डायनोहब उघडणार, वेटोळें बाहेर काढून फडक्यानें पुसणार, पुन्हां बसवणार, आणि सर्व जेथल्या तेथें असूनहि दिवा कायमचा मंद झालेला पाहून कपाळाला हात लावणार. दोष त्याचा नाहीं. जें यंत्र उघडल्यानें बिघडतें तें, जेथें उघडणें हीच दुरुस्तीची पहिली पायरी आहे अशा मुलखांत, टिकत नाहीं. बाटलीची गोष्ट वेगळी. ती बिघडली तर बहुधा तार तुटलेली असते किंवा फिरकी झिजलेली असते, आणि दोन्ही दिसतात.

डायनोहबची पैदास इंग्लंडांतहि १९८४ च्या सुमारास बंद पडली. इकडे हिंद सायकल व सेन-रॅले हे दोन्ही कारखाने १९८० सालीं सरकारनें ताब्यांत घेतले होते, आणि लुधियान्याच्या कारखान्यांनीं बाजार व्यापला होता. बाटल्याहि हळूहळू दिसेनाशा झाल्या. ज्याची ऐपत झाली तो मोटारसायकलीवर गेला. ज्याची झाली नाहीं तो विजेरी दातांत किंवा हातांत धरून सायकल चालवूं लागला. भुसावळजवळ जेथें मोठें वीजघर उभें राहिलें त्या जागेचें नांव दीपनगर. त्याचा पहिला संच १९६८ सालीं सुरू झाला. या विजेनें खानदेशच्या विहिरींवर पंप आले, आणि शेतीच्या पंपांना वीज पुष्कळदां रात्रींच मिळते म्हणून शेतकरी रात्रीं पाणी भरावयास निघूं लागला. पंपाला वीज आहे, पंपापर्यंतची वाट अंधारी आहे. सर्पाच्या, खड्ड्याच्या व भरधाव वाहनाच्या भयांतून ही वाट तुडविणाऱ्यास दिवा ही चैनीची वस्तु नव्हे.

दरम्यान परदेशांत तुंब्याचा पुनर्जन्म झाला. जर्मनींत ट्युबिंगेन येथील विल्फ्रीड श्मिट यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नवा, हलका व अल्पघर्षणी तुंबा काढला. जपानांत रोजच्या कामाच्या सायकलींवर आपोआप लागणारे तुंब्याचे दिवे सर्रास झाले. जर्मन कायदा तर २०१३ पर्यंत सामान्य सायकलीस डायनामोच मागत असे, नुसत्या घटांवर भागवूं देत नसे. त्यांत ज्यांच्या शोधास २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें त्या निळ्या प्रकाशदायी डायोडापासून पांढरा दिवा झाला, आणि जेथें पूर्वीं तीन वॉटांत पिवळसर ठिपका पडे तेथें आतां सबंध रस्ता उजळतो. थांबल्यावर अंधार होण्याची जुनी तक्रारहि मिटली. लहानसा विद्युत्संचायक चालतांना भरतो आणि चौकांत उभें राहिलें तरी कांहीं मिनिटें दिवा तेवत ठेवतो. किंमत मात्र अशी कीं, उत्तम प्रतीच्या एका जर्मन तुंब्याच्या पैशांत आपल्याकडील साध्या दोन-तीन सायकली येतील.

आपल्याकडे सरकारचें लक्ष सायकलीकडे पुन्हां गेलें तें २०२० सालीं, परावर्तकांसंबंधीं गुणवत्तेचा आदेश निघाला तेव्हां. सायकलीच्या पुढें, मागें, चाकांत व पायंड्यांवर दुसऱ्याचा प्रकाश परत फेंकणाऱ्या ठरीव दर्जाच्या पट्ट्या असाव्यात, असा त्याचा रोख. आदेश चांगलाच आहे. धुळ्याकडून पारोळ्यावरून जळगांवकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी होऊन त्यावर मालमोटारींचा ओघ वाढला असतां, पाठीमागून येणाऱ्यास सायकल दिसणें हें जिवाच्या मोलाचें आहे. पण जुन्या कायद्यानें निदान स्वाराजवळ दिवा असावा अशी अपेक्षा ठेविली होती. नव्या आदेशानें त्याला दिसण्यापुरता उजेड दिला, पाहण्यापुरता नव्हे. आणि महामार्ग सोडून जो अमळनेरच्या किंवा एखाद्या खेड्याच्या रस्त्यास लागला, त्याच्या पट्टीवर पडावयास कोणाचा दिवाच नसतो.

वर सांगितलेल्या अडचणींपैकीं मिस्त्रीच्या हातांतली अडचण आज उरलेली नाहीं. फेराइटचे व निओडिमियमचे चुंबक उघडल्यानें मंदावत नाहींत. झाडाखालच्या पेटीवाल्यानें ते खुशाल पुसावेत. अडचण उरते ती मागाहून घेतां न येण्याची, आणि ती दूर करणें कारखानदाराच्या हातीं आहे: चाक प्रथम विणतांनाच त्यांत हा तुंबा बसला तर जुना तुंबा फुकट जाण्याचा प्रश्नच राहात नाहीं. लुधियान्यास तुंबे बनतात, चुंबक बाजारांत मिळतात, डायोड तर घराघरांत आहेत. आपलें राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठीं सायकली देतें. हिवाळ्यांत दुपारची शाळा सुटून पांच-सहा किलोमीटरवरचें घर गांठीपर्यंत दिवस मावळतो. त्या सायकलींच्या पुढच्या चाकांत कोणता तुंबा असावा, हें खरेदीच्या कागदावर एक ओळ वाढवून ठरवितां येण्यासारखें आहे.